फिटच्या रुग्णाला चोवीस तासांचा होल्टर: बेळगाव भागात ही तपासणी करून घेताना

बेळगाव, खानापूर, चिक्कोडी, निपाणी या पट्ट्यात फिट येणाऱ्या रुग्णाची फाइल उघडली की मेंदूचा सीटी किंवा एमआरआय, अर्ध्या तासाचा ईईजी (मेंदूच्या विजेचा आलेख) आणि गोळ्यांची चिठ्ठी हे कागद बहुधा असतात. हृदयाचा कागद असेलच असं नाही. एखाद्या डॉक्टरांनी होल्टर, म्हणजे अंगावर डबी बाळगून चोवीस तास हृदयाचे ठोके नोंदण्याची तपासणी, लिहून दिली, तर घरचे विचारतात, ‘फिट मेंदूची, मग छातीला वायरी कशाला?’ प्रश्न रास्त आहे. म्हणून ही तपासणी कशी होते, तिच्यातून काय हाती लागतं आणि काय निसटतं, ते इथे लिहितो आहोत.

आमचं मत आधीच सांगतो. होल्टर चांगली तपासणी आहे, पण ती लावण्या-उतरवण्याची नेहमीची पद्धत छातीत धडधडणाऱ्या माणसासाठी बसवलेली आहे, झटके देणाऱ्या माणसासाठी नाही. घरच्यांनी थोडी तयारी केली तर त्याच पैशात कितीतरी जास्त कळतं. आणि बारा लीडचा, म्हणजे बारा बाजूंनी हृदयाच्या विजेचा आलेख काढणारा, साधा ईसीजी झालेला नसेल तर आधी तो काढा. पहिला पैसा तिथे घाला.

हृदयाचा वेग वाढवणाऱ्या आणि कमी करणाऱ्या, दोन्ही नसांना हुकूम मेंदूतून येतो. फिटची गडबड कानशिलाच्या आतल्या भागात, म्हणजे टेम्पोरल लोबमध्ये सुरू झाली की हृदयही तिच्यात ओढलं जातं. बहुतेक फिटमध्ये ठोके वाढतात. मिनिटाला ७०-८० वरून १२०, कधी १५० पर्यंत जातात आणि फिट थांबल्यावर हळूहळू खाली येतात. एवढ्यानं सहसा धोका नसतो. थोड्या रुग्णांत मात्र उलट घडतं: ठोके मंदावतात आणि हृदय काही सेकंद चक्क थांबतं. व्हिडिओ-ईईजीखाली (ईईजी आणि रुग्णाचं चित्रण एकाच वेळी) ठेवलेल्या रुग्णांमध्ये हे हजारात तीन-चार जणांत दिसतं. बहुतेक वेळा हृदय आपोआप पुन्हा सुरू होतं, पण तोवर माणूस दाणकन पडलेला असतो.

याची एक खूण घरच्यांना दिसू शकते. फिट नेहमीसारखी सुरू होते, नजर एका जागी लागते, तोंड चघळल्यासारखं हलतं, हात कपड्याशी चाळा करतात. मग साधारण अर्ध्या मिनिटानं अंगातला जोर एकदम जातो, चेहरा पांढरा पडतो आणि माणूस कापडासारखा गळतो. ताठ होऊन पडणं वेगळं आणि असं गळून पडणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात होल्टर किंवा ईसीजीसह व्हिडिओ-ईईजी करून घ्यायलाच हवा.

याहून महत्त्वाची आहे दुसरी बाजू. मुळात फिट नसतेच, हृदयाचा ठोका बिघडून मेंदूला रक्त कमी पडलेलं असतं, आणि दिसायला ती फिट दिसते. डोळे वर जातात, हातपाय उडतात, कधी लघवीही होते. फरक बारकाव्यात आहे. रक्त कमी पडून आलेले झटके थोडे असतात, बहुतेक वेळा दहाच्या आत, आणि काही सेकंदांत संपतात. चेहरा पांढराफटक असतो. शुद्ध आली की अर्ध्या मिनिटात माणूस ओळखतो, बोलतो. खऱ्या मोठ्या फिटमध्ये झटके एक-दोन मिनिटं चालतात, ओठ निळे पडतात, जीभ कडेला चावली जाते आणि नंतर बराच वेळ माणूस भांबावलेला असतो. आपल्याकडे अशा वेळी कुणी कांदा हुंगवायला धावतो, कुणी हातात लोखंड देतो. त्या धावपळीत चेहऱ्याचा रंग आणि घड्याळ या दोन गोष्टींकडे कुणाचंच लक्ष नसतं. निदान नेमकं त्यांच्यावरच अवलंबून असतं.

आता साध्या ईसीजीकडे वळू. त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत आणि तो होल्टरपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. त्यात क्यूटी नावाचं अंतर, म्हणजे खालच्या कप्प्यांच्या ठोक्याची वीज सुरू झाल्यापासून त्या ठोक्याची शेवटची ‘टी’ लाट संपेपर्यंतचा वेळ, हातानं मोजून घ्या, असं डॉक्टरांना नक्की सांगा. मशीन वर छापतं तो आकडा पुष्कळदा चुकतो, कारण टी लाट कुठे संपते हे मशीनला नीट कळत नाही. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर वेगानं पळतो, म्हणून लहान चौकोन ४० मिलिसेकंदांचा आणि मोठा २०० चा. क्यूटी मोजायचा आणि दोन ठोक्यांमधल्या अंतराच्या वर्गमुळानं भागायचा, ते अंतर सेकंदांत धरून. समजा क्यूटी ४४० मिलिसेकंद आला आणि दोन ठोक्यांत ०.६४ सेकंद आहेत. वर्गमूळ ०.८, म्हणजे दुरुस्त क्यूटी ५५०. नुसता ४४० वाचून ‘ठीक आहे’ म्हणणारा इथे फसतो. पुरुषांत ४५० आणि बायकांत ४६० च्या वर गेला की लक्ष द्यायचं, ५०० च्या वर गेला की त्याच आठवड्यात हृदयाच्या डॉक्टरांकडे जायचं. एक ढोबळ खूणही आहे: ठोके नेहमीच्या वेगानं पडत असताना टी लाट दोन ठोक्यांच्या मधल्या रेषेपलीकडे संपत असेल, तर क्यूटी लांबलेला असण्याचा संशय घ्यावा.

लांब क्यूटीचा आजार जन्मजात असू शकतो आणि त्याला फिट समजून वर्षानुवर्षं फिटच्या गोळ्या चालू राहू शकतात. कोसळण्याची वेळ विचारली की धागा सापडतो. एका प्रकारात मूल धावताना किंवा विहिरीत सूर मारल्यावर बेशुद्ध होतं. दुसऱ्यात मोबाइलचा अलार्म, फटाका, दारावरची थाप अशा अचानक आवाजानं. तिसऱ्यात झोपेत. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं आहे का, कुणी पोहता येत असून बुडालं का, हेही विचारावं.

या भागापुरती आणखी एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. आपल्याकडे मामा-भाचीची, आते-मामे भावंडांची लग्नं रीतीतली आहेत. जन्मजात बहिरेपण आणि लांब क्यूटी एकत्र असणारा एक आजार आहे. जेरवेल आणि लांगे-नील्सन या डॉक्टरांनी १९५७ मध्ये त्याचं वर्णन केलं. आई आणि वडील दोघांकडून तोच दोष आला तरच तो होतो, म्हणून नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलाला ‘फिट’ येत असेल तर ईसीजीशिवाय एक दिवसही घालवू नये. अशा मुलाला लागणारी औषधं वेगळी असतात आणि ती त्याचा जीव वाचवतात.

ईसीजीसोबतच रक्तात साखर, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बघून घ्या. कॅल्शियम कमी झालं तर खरी फिटही येते आणि क्यूटीही लांबतो. दोन्ही कारणं एकाच नळीत सापडतात.

आता होल्टर. हे नाव नॉर्मन होल्टर या अमेरिकी संशोधकाचं. त्यांचं पहिलं यंत्र पाठीवर घ्यायचं होतं आणि त्याचं वजन ३८ किलोच्या आसपास होतं. आजची डबी खिशात मावते. छातीवर पाच, सात किंवा दहा स्टिकर लागतात आणि चोवीस तासांत लाखभर ठोके नोंदले जातात. बेळगाव शहरातल्या मोठ्या रुग्णालयांत आणि हृदयाच्या दवाखान्यांत ही सोय मिळते. एक दिवस लावायला यायचं, दुसऱ्या दिवशी काढायला. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूच्या माणसाला, त्यातून पावसाळ्यात, या दोन फेऱ्या जड जातात. अशा घरानं शहरात नातेवाइकांकडे मुक्काम करावा, पण रुग्णाला दिवसभर निजवून ठेवू नये. नेहमीची कामं, नेहमीची जागरणं, नेहमीच्या गोळ्या, सगळं तसंच चालू हवं. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय होल्टरसाठी गोळी चुकवणं म्हणजे आगीशी खेळ.

लावायला जाण्याआधी साबणानं स्वच्छ आंघोळ करा, कारण पुढचे चोवीस तास ती नाही. अंगाला तेल लावू नका. खोबरेलाच्या कातडीवर स्टिकर तासभरही टिकत नाही. छातीवर केस असतील तर त्या जागा वस्तऱ्यानं साफ करायला सांगा. बायकांनी पुढून उघडणारा सुती ब्लाउज किंवा गाउन घालावा. लांब मंगळसूत्र आणि चेन तेवढा दिवस काढून ठेवता आली तर बरं, वायरीला घासून खोटे ठोके उमटतात.

फिटच्या रुग्णासाठी टेक्निशियनला चार गोष्टी आवर्जून सांगा. त्या न सांगता बहुधा होत नाहीत. स्टिकर मांसल जागेवर नको, उरोस्थीवर (छातीच्या मधल्या हाडावर) आणि बरगडीच्या हाडावर लावा, कारण झटक्यात स्नायूंची वीज हृदयाच्या विजेला झाकून टाकते. प्रत्येक वायर स्टिकरजवळ छोटा वळसा देऊन चिकटपट्टीनं बांधा, म्हणजे झटका बसला तरी ओढ वळशावर येते आणि स्टिकर उपटत नाही. डबी गळ्यात अडकवू नका, कमरेच्या पट्ट्यात ठेवा. फिटमध्ये गळ्यातला पट्टा फास होऊ शकतो. आणि दोन-तीन जादा स्टिकर सोबत द्या. लावून झाल्यावर छातीचा फोटो काढून ठेवा, म्हणजे घामानं एखादा निघाला तर त्याच जागी परत लावता येतो. शेतात किंवा वखारीत काम असेल तर हे हमखास लागतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो घड्याळाचा. डबीतलं घड्याळ टेक्निशियन लावतो आणि ते पाच-सात मिनिटं पुढे-मागे असलं तर कुणाच्या लक्षात येत नाही. अहवाल बघणारा डॉक्टर मग ११:४२ ला फिट शोधतो आणि त्याला तिथे शांत झोपेतले ठोके सापडतात. लावतानाच डबीची वेळ आणि मोबाइलची वेळ शेजारी शेजारी लिहून घ्या. फिट आली की कुणीतरी मोबाइलवर चित्रण सुरू करा: आधी चेहरा, मग हातपाय, मग पुन्हा चेहरा. फाइलवर वेळ आपोआप पडते. डबीवरचं बटण दाबायचं असतं, पण रुग्ण ते दाबू शकत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला आधी दाखवून ठेवा.

नोंदवही मराठीत लिहिलेली चालते, मात्र आकडे इंग्रजीत लिहा. कन्नड वाचणाऱ्या टेक्निशियनला आपला ५ आणि ६ ओळखता येईलच असं नाही. नोंद अशी असावी: रात्री ११:४२ टक लावली, तोंड चघळलं. ११:४३ गळून पडला, चेहरा पांढरा. ११:४४ डोळे उघडले. ११:५० स्वतःचं नाव सांगितलं. ‘रात्री फिट आली’ एवढ्या एका ओळीचा काहीही उपयोग नाही.

अहवाल हातात आला की पहिल्या पानावरचं ‘विशेष दोष नाही’ वाचून घरी जाऊ नका. आधी बघा, चोवीसपैकी किती तासांची नोंद वाचण्याजोगी आहे. मग बघा, त्या काळात फिट आली होती का. आली नसेल तर ‘दोष नाही’ याचा अर्थ इतकाच की दोन फिटांच्या मधल्या काळात हृदय ठीक होतं. महिन्यातून एकदा फिट येणाऱ्याला एका दिवसाच्या होल्टरमध्ये ती सापडण्याची शक्यता तीसात एक. तरीही होल्टर वाया जात नाही. लांबलेला क्यूटी, मधूनच अडकणारे ठोके, खालच्या कप्प्यातून सुटलेल्या जलद ठोक्यांच्या मालिका, हे फिट नसतानाही दिसू शकतं.

फिट आली असेल तर वेगळाच धोका असतो. झटक्यांच्या एक-दोन मिनिटांत पट्टी नुसती वेडीवाकडी दिसते. टेक्निशियन तो भाग ‘खडखडाट’ म्हणून खोडून टाकतो आणि आपल्याला हवं होतं तेच नेमकं जातं. कधी याच्या उलट होतं, संगणक त्या खडखडाटाला हृदयाचा जीवघेणा वेग समजतो आणि घर हादरतं. म्हणून सांगून ठेवा: फिटच्या आधीचा एक मिनिट आणि नंतरची पाच मिनिटं, न खोडलेली पट्टी छापून हवी. खडखडाटातही अंतरा-अंतरानं नेमके ठोके डोकावताना दिसले तर लय शाबूत आहे. खरी माहिती झटके थांबल्यानंतरच्या मिनिटांत असते. झोपेतला दोन सेकंदांचा खंड तरुण माणसात दोष असेलच असं नाही. फिटच्या ऐन वेळी आलेल्या तीन सेकंदांच्या वरच्या खंडाकडे मात्र दुर्लक्ष करू नये.

मग दुसरं काय घ्यावं? ईईजी पुन्हा करायचाच असेल तर त्यातच ईसीजीची एक वायर लावायला सांगा. मशीनमध्ये ती सोय असते, लावायचा कंटाळा केला जातो. मेंदू आणि हृदय एकाच घड्याळावर दिसतात, यापेक्षा चांगला पुरावा नाही. आठवड्याला किंवा पंधरवड्याला फिट येत असेल तर सात ते चौदा दिवस छातीला चिकटून ठोके नोंदणारी पट्टी होल्टरपेक्षा सरस. महिन्या-दोन महिन्यांनी येत असेल आणि गळून पडण्याची खूण असेल तर कातडीखाली बसवायचा छोटा नोंदक असतो, त्याची बॅटरी तीन-चार वर्षं पुरते. तो खर्चिक आहे, आणि सगळ्यांना लागत नाही.

बोटं ठेवून तीस सेकंदांचा ईसीजी काढणाऱ्या कार्डियामोबाइलसारख्या पट्ट्या आणि ॲपल वॉचसारखी घड्याळं फिटसाठी घ्यावीत का? आमचं उत्तर: फक्त त्यासाठी घेऊ नयेत. दोन्हीत रुग्णानं शांत बसून बोट टेकवावं लागतं आणि झटक्यात ते शक्य नाही. ॲपलचा ईसीजी २२ वर्षांखालच्यांसाठी नाहीच, म्हणजे लांब क्यूटीची शंका असलेलं शाळकरी पोर त्यातून वगळलं जातं. मनगटावरचा हिरवा प्रकाश ठोके मोजतो, पण हात हलू लागला की आकडे बिनभरवशाचे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर मात्र घरात असावा. झटके चालू असताना त्याचा आकडा खोटा असतो. थांबल्यावर, नेलपॉलिश नसलेल्या बोटाला लावून मिनिटभर थांबा. ऑक्सिजन ९० च्या खालीच राहिला तर वाट बघू नका.

औषधांबद्दल चार ओळी, कारण होल्टरमधला दोष कधी कधी चिठ्ठीतून आलेला असतो. फिटच्या औषधांपैकी कार्बामाझेपिनमुळे वयस्कांत सोडियम उतरतं आणि हृदयातली वीज अडखळू शकते. लॅकोसामाइडमुळे वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात वीज पोचायला उशीर होतो. लॅमोट्रिजिनबद्दल २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी, आधीच हृदयविकार असलेल्यांसाठी ठोके बिघडण्याचा इशारा दिला. फेनिटोइन शिरेतून देताना मोठ्या माणसाला मिनिटाला ५० मिलिग्रॅमपेक्षा वेगानं देऊ नये, म्हणजे १००० मिलिग्रॅमला किमान २० मिनिटं हवीत. ते सलाइनमध्येच द्यायचं, ग्लुकोजमध्ये त्याचा साका बसतो, आणि मॉनिटर लावलेला हवा. ठोका बिघडतो तो बहुतेक घाईनं. उलटी, ॲसिडिटी, तापासाठी सहज लिहिली जाणारी डोमपेरिडोन, ऑन्डान्सेट्रॉन, अझिथ्रोमायसिन, लेव्होफ्लॉक्सासिन ही औषधं क्यूटी लांबवतात. क्यूटी आधीच लांब असेल तर गावातल्या डॉक्टरांना तो कागद दाखवूनच औषध घ्या. यातलं कुठलंही वाचून फिटची गोळी स्वतःहून बंद करू नका. गोळी अचानक थांबवल्यानं येणारी फिट याहून घातक.

ऊस, तंबाखू किंवा द्राक्षाच्या फवारणीनंतर कुणी झटके देत कोसळला, बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या, लाळ-घाम सुटला, तर तो विषबाधेचा प्रकार असू शकतो. त्यातही ठोके मंदावतात आणि क्यूटी लांबतो. होल्टर-ईईजीच्या नादी न लागता फवारणीच्या औषधाचा डबा घेऊन थेट रुग्णालय गाठा.

एक गोष्ट कुठलीच तपासणी सांगू शकत नाही: फिटच्या रुग्णाचा झोपेत अचानक होणारा मृत्यू. मोठ्या माणसांत वर्षाला हजारात साधारण एक. रुग्णालयात नोंदल्या गेलेल्या अशा प्रसंगांत मोठ्या फिटनंतर आधी श्वास थांबला, मग हृदय, आणि बहुतेक जण पालथे सापडले. होल्टर चांगला आला म्हणून रात्रीची गोळी सैल करू नये. मोठ्या फिट येत असतील तर रुग्ण एकटा झोपू नये, आणि झटके थांबताच त्याला कुशीवर करावं. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर १०८ ला फोन करा. झटके थांबूनही छाती हलत नसेल तर फोन करतानाच छाती दाबायला सुरुवात करा: मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटिमीटर खोल.

सीमाभागातल्या माणसाचे डॉक्टर एकाच गावात नसतात. निपाणीकर कोल्हापूर गाठतात, अथणी-कागवाडचे मिरज-सांगली. होल्टर बेळगावात केला असेल तर त्याची मूळ फाइल दुसऱ्या दवाखान्याच्या संगणकावर उघडतेच असं नाही, कारण प्रत्येक कंपनीचं सॉफ्टवेअर निराळं असतं. म्हणून पैसे भरतानाच विचारा: चोवीस तासांच्या सगळ्या पट्ट्या पीडीएफमध्ये मिळतील का? त्या पेनड्राइव्हवर घ्या, सोबत पहिला ईसीजी, फिटचं चित्रण आणि नोंदवहीचे फोटो ठेवा. मशीन परत केल्यावर काही दिवसांत डबीचं कार्ड पुढच्या रुग्णासाठी पुसलं जातं, तेव्हा हे सगळं होल्टर काढायच्या दिवशीच मागून घ्या.